रुमालाखालचा हात

खुशालरावांनी नेम धरला, काठी पुढे सारली, आणि हस्तिदंती चेंडू लाल चेंडूला न शिवताच बाजूने निघून गेला. भिंतीलगत बसलेल्या अकोलेकरांपैकी कोणीतरी खाकरलं. खाकरण्याचं सोंग घेतलं तरी हसू लपत नाही.

समोर मोरोपंत वकील काठी टेकून उभे होते. अकोल्याच्या कचेरीत साक्षीदारांना घाम फोडणारा हा माणूस टेबलाभोवतीही तसाच शांतपणे फिरे. पन्नास गुणांच्या डावात त्यांनी निम्मी मजल केव्हाच मारली होती. खुशालरावांचे गुण मोजायला हाताची बोटं पुरली असती.

अकोल्यातला हा बंगला कापूस खरेदी करणाऱ्या गोऱ्या साहेबाचा. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून विलायतेच्या गिरण्यांचं वऱ्हाडच्या कापसावाचून अडलं होतं, आणि अमरावतीचे दलाल खुशालराव साहेबाच्या उठण्याबसण्यातले झाले होते. त्या उठबशीत त्यांना बिलियर्डचं वेड लागलं. आता साहेब मायदेशी चालला होता. हिरव्या बनातीखाली दगडी फरशी असलेलं ते धूड मुंबईहून बैलगाड्यांवर आलेलं. परत नेणं त्याच्या जिवावर आलं. खुशालराव आणि मोरोपंत यांच्यात जो जिंकेल त्याचं टेबल, असं त्याने सांगून टाकलं. दुसरं टेबल जवळपास कुठे असल्याचं खुशालरावांच्या ऐकिवात नव्हतं. हरले तर वकिलांच्या दारी जाऊन खेळू द्या म्हणायचं, आणि ते त्यांच्या रक्तात नव्हतं. म्हणजे हरले तर खेळ कायमचा सुटला.

साहेबाने सरबतासाठी डाव थांबवला. मोरोपंत ओसरीवर गेले. खुशालरावांचे भागीदार नत्थुजी जवळ सरकले.

"हात काहून थरथरून राह्यला?"

"मले का मालूम."

"बजारात तं कधी नाई थरथरत."

"तिथं रुमाल रायते," खुशालराव म्हणाले. "समोरच्याचा हात माह्या हातात रायते. इथं हा वकील कोसभर दूर उभा. त्याच्या मनात का चालू हाय, काईच समजत नाई."

कापसाच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. त्या काळोखात खुशालराव राजे होते. समोरच्याचा तळवा गार आणि ओला लागला की ते ओळखत, हा घाबरलाय, आज विकल्यावाचून याचं भागत नाही. मग ते खुशाल अडून बसत.

नत्थुजींनी मिशीवरून हात फिरवला.

"मंग पाहा ना त्याचा हात. साहेब लोक नाई का धरत एकमेकाचा?"

डाव पुन्हा सुरू होताना खुशालराव टेबलाला वळसा घालून सरळ मोरोपंतांसमोर गेले आणि साहेबासारखा हात पुढे केला. मोरोपंत बावचळले. पण साहेब बघत होता. त्यांनी हात दिला.

तळवा गार होता. ओला होता. खुशालरावांनी तो सवयीने, सौद्यात धरतात तसा धरला आणि लगेच सोडला नाही. हा तर माझ्याहून घाबरलाय, ते मनाशी म्हणाले, आणि त्यांना फार फार बरं वाटलं. इतका वेळ आपण उगाच कोणाला भीत होतो?

त्यानंतर त्यांचा डावा पंजा बनातीवर असा टेकला की जणू तिथेच उगवलेला. लाल चेंडू एकदा भोकात गेला, पुन्हा गेला. आता कोणी खाकरत नव्हतं. मोरोपंतांनी हातचा सोपा चेंडू घालवला, मग आणखी एक. खुशालरावांना त्याचं नवल वाटलं नाही. घाबरलेला माणूस चुकायचाच. शेवटच्या फटक्याआधी त्यांनी सावकाश खडू लावला, उपरणं खांद्यावर नीट घेतलं आणि खेळले. चेंडू जाळीत पडला. साहेबाने टाळी वाजवली.

ते ओसरीवर आले तेव्हा मोरोपंत रांजणाशी हात धूत होते.

"खडूने बोटं कोरडी पडतात हो," मोरोपंत म्हणाले. "मघाशीही हात धुतले, पण पुसायला पंचा मिळेना. ओलाच हात दिला तुम्हाला. राग मानू नका."

खुशालराव जागच्या जागी थांबले.

"मंग तुमी भेले नव्हते?"

"तोवर? छे. तुमची काठी थरथरताना दिसत होती की. पण तुमचा हात हातात आला आणि माझं अवसान गळालं. हरणाऱ्याचा हात इतका स्थिर? पुढे नेम धरताना तोच आठवत राहिला."

नत्थुजींनी अंगणातल्या बैलांकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

खुशालरावांनी आपला उजवा तळवा उलटसुलट करून पाहिला. मग कमरेचा रुमाल काढून त्यांनी मोरोपंतांच्या ओल्या हातावर टाकला, आपला हात आत घातला आणि बोटं दाबली.

"हे काय?"

"दोन. महिन्यातून दोनदा अमरावतीले येजा, खेळाले."

मग रुमालाखाली, नवख्या माणसासारखं चाचपडत, मोरोपंतांनी तीन बोटं दाबली.