सोडलेल्या नोंदी

त्याने संगणकाच्या पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं.

"हीच का ती?" परिचारिकाबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"हीच. एखाद्या नोंदीत गडबड निघाली, तर ती सोडायची आणि पुढची घ्यायची."

"आणि सोडलेली कुठे लिहून ठेवतो तुझा प्रोग्रॅम?"

"कुठेच नाही."

छातीच्या फोटोत डाग दिसला, की त्या माणसाला 'पुन्हा तपासणीला या' असा निरोप धाडायचा, एवढंच प्रोग्रॅमचं काम. तीन वर्षांत तो एकदाही बंद पडला नव्हता. मोठे डॉक्टर त्याचं नव्या जावयासारखं कौतुक करत. हा जावई नको ते गुपचूप पानाबाहेर सारतो, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या त्याला एकट्याला ठाऊक होतं. 'उद्या नीट करू' म्हणून त्यानेच तशी मुभा दिली होती. काल एक आजोबा 'मला निरोप कसा नाही?' म्हणून भांडायला आले, तेव्हा तो उद्या उजाडला.

त्याने खाली आणखी एक ओळ घातली : सोडलेलं नाव लिहून ठेव, मग पुढे जा. निरोप न धाडता जुन्या नोंदी प्रोग्रॅममधून पुन्हा फिरवल्या. प्रोग्रॅम आताही थांबला नाही. फक्त बोलू लागला. एकोणीस नावं. फोनच्या रकान्यात आकड्यांपुढे प्रोग्रॅमला न कळणारी अक्षरं : 'शेजारीण', 'खालचं दुकान', 'जावेचा'.

"ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही, नेमके तेच गळले की रे," बाई म्हणाल्या. "आणि ते लिहिणारी मीच."

"तुम्ही बरोबरच लिहिलंत."

त्याने पहिला नंबर लावला. नोंद आठ महिन्यांपूर्वीची होती. फोन शेजारणीने उचलला.

"दवाखान्यातून? अगंबाई, आत्ता होय! महिनाभर रोज यायची बिचारी, 'माझा फोन आला का गं' विचारत. शेवटी मीच म्हटलं, फोन नाही म्हणजे काही नाही, उगीच जिवाला घोर लावून घेऊ नकोस." आवाज एकदम खाली आला. "माझं चुकलं का हो?"

परिचारिकाबाईंची पेन्सिल यादीवर थबकली.

"नाही," तो म्हणाला. "तुमचं नाही."

"मग कुणाचं?"

"त्यांना बोलवा. त्यांनाच सांगतो."

पलीकडे दार करकरलं. दोन हाका ऐकू आल्या. उत्तराआधी खोकला आला, बराच वेळ.

तो खुर्चीतून उठून उभा राहिला.