डावा कोपरा

ड्रायव्हरच्या सीटवरून नागोरावांनी पाणी सोडायला सांगितले आणि बाहेर उभ्या असलेल्या भगवानरावांनी पाइपचे तोंड थेट काचेच्या वरच्या कडेवर रोखले. नागोरावांचे डोके फिरले. खालून वर, खालून वर, हे त्यांनी सकाळपासून तीनदा सांगितले होते. खालच्या कडेपासून पाइप हळूहळू वर न्यायचा, म्हणजे पाणी नेमके कुठून शिरते ते कळते. वरूनच ओतले तर सगळीकडे ओघळ येतात आणि हाती काहीच लागत नाही. पण पोस्टात चौतीस वर्षे शिक्के मारून निवृत्त झालेल्या माणसाला शिकवणार कोण?

आर्णीच्या भगवानरावांची ही चौथी खेप होती. चैत्रात दगड लागून त्यांच्या गाडीची पुढची काच तडकली, ती यवतमाळला आर्णी रोडवरच्या या दुकानात नागोरावांनी बदलून दिली. पावसाळा लागला आणि बाजूच्या सीटवर बसणाऱ्या त्यांच्या पत्नीचे, शकुबाईंचे, पाय भिजू लागले. यवतमाळ येईपर्यंत त्यांना लुगड्याचा काठ पिळावा लागे.

पहिल्या खेपेला नागोरावांनी काचेकडे ढुंकूनही पाहिले नाही. वायपरखालची जाळी उघडली आणि मूठभर ओला कापूस बाहेर काढला. हिवाळाभर गाडी अंगणात कापसाच्या ढिगाशेजारी उभी असायची. उडालेल्या कापसाने पाणी जायचे भोक पार बुजले होते. तो बोळा त्यांनी भगवानरावांच्या तळहातावर ठेवला आणि चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवले की लोक गाडीत कापूस पिकवतात आणि काचवाल्याच्या नावाने खडे फोडतात. आठ दिवसांनी शकुबाईंचे पाय पुन्हा ओले. मग दाराच्या रबरावर ठपका आला, रबर बदलले. तरी तेच. तिसऱ्या खेपेला मनाविरुद्ध, दात-ओठ खात त्यांनी काच काढून पुन्हा चिकटवली. तरीही पाणी आपले येतच राहिले.

नागोराव एवढे चिडले होते ते वेगळ्याच कारणाने. राळेगावपासून दारव्ह्यापर्यंतचे गॅरेजवाले काच म्हटली की डोळे झाकून त्यांचे नाव सांगत. आणि परवा पेट्रोलपंपावर भगवानराव कुणाला तरी म्हणाले की नागोरावचा हात आता गेला. ते बोलणे फिरत फिरत दुकानात पोहोचलेच. अठ्ठावीस वर्षांची कमाई म्हणजे हे एक नाव, आणि ते असे पंपावर सांडून ठेवायचे? आज त्यांनी चंग बांधला होता. पाणी आपल्या काचेतून येत नाही, हे या माणसाला त्याच्याच डोळ्यांनी दाखवायचे.

त्यासाठी काचेच्या दोन्ही बाजूंचे प्लास्टिकचे कव्हर त्यांनी उतरवले होते, आतल्या कडेने कोरडी रांगोळी भुरभुरली होती. पाण्याचा एक टिपूस पडला तरी रांगोळी काळवंडते. डोळे ताणून ते कडेकडेने बोट फिरवत गेले. खालची कड कोरडी. उजवी बाजू कोरडी. शेवटी हात लांब करून त्यांनी वरच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट नेले आणि जिंकल्यासारखे खिडकीतून ओरडले, "या, पाहा. कोठी आहे पाणी? उगाच बदनाम करून राह्यले मले."

मागच्या सीटवर शकुबाई बसल्या होत्या.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या बोटापाशीच थेंब लटकून राह्यला. डाव्या अंगानं."

नागोरावांनी पाहिले. काही नव्हते. ही बाई नवऱ्याचीच री ओढणार, असे मनात म्हणत त्यांनी त्रासून मान पूर्ण वळवली, आणि थेंब दिसला. चांगला टपोरा. त्याच्यामागे दुसरा धरत होता. खाली रांगोळीत बोटभर काळी रेघ केव्हाची उमटलेली होती.

त्यांनी मान पुन्हा सरळ केली. थेंब गेला. वळवली, थेंब आला.

अर्ध्या तासाने, काच चिकटवणारा सिलंट कापून त्यांनी काच काढली. पालथी करून स्टँडवर ठेवल्यावर कडेने काळ्या सिलंटची एकसारखी पट्टी फिरलेली दिसली, फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यावर दोन बोटे जागा कोरीच. दोन्ही वेळा तिथेच. हात नेमका तिथे उचलला गेला होता, कारण तिथले त्यांना दिसतच नव्हते. चार-पाच महिन्यांपासून दुकानाचे शटर डाव्या खांद्याला लागते म्हणून ते शटरवाल्याला शिव्या घालत होते. आता शिव्या कुणाला घालायच्या? हात शाबूत होता, हे त्यातल्या त्यात खरे. पण ते पंपावर जाऊन कुणाला सांगता येण्यासारखे नव्हते. नागोरावांना भयंकर राग आला आणि तो ठेवायला जागा सापडेना.

भगवानराव कोऱ्या जागेकडे पाहत होते.

"माहीच चूक होती," नागोराव म्हणाले. "डाव्या डोयाले कडेचं दिसत नाही मले. आत्ताच समजलं."

मग ते रस्ता ओलांडून खेमसिंगच्या दुकानात गेले. खेमसिंगही काचाच बसवायचा. पाच वर्षे समोरासमोर दुकाने, पण नागोरावांनी त्याची पायरी कधी चढली नव्हती, उलट त्याच्या कामाची गिऱ्हाइकांसमोर टिंगलच केली होती. तिथे काय बोलणे झाले ते कुणी ऐकले नाही. खेमसिंग हात पुसत आला. त्याने जुना सिलंट खरवडला, काचेवर नवी पट्टी ओढली आणि डाव्या कोपऱ्यावर हात न उचलता ती सलग फिरवून आणली. नागोराव शेजारी उभे राहून पाहत होते. हात चांगला होता. मग दोघांनी मिळून काच उचलली. नागोरावांनी कुणी न सांगताच उजवी बाजू धरली.

काच बसल्यावर भगवानराव पुढे आले. "गाडी कधी नेता येईन?" त्यांनी विचारले, आणि विचारले ते खेमसिंगला.

खेमसिंग खाली बसून आपली हत्यारे फडक्यात गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही. "दादाले विचारा," तो म्हणाला. "दुकान त्याइचं आहे."

खेमसिंग डावीकडे होता. नागोरावांनी मान पूर्ण वळवून आधी त्याला नीट पाहून घेतले, मग भगवानरावांकडे वळले.

"उद्या सकाळी," ते म्हणाले. "अन् पुढं काही वाटलं, तं समोरच्या दुकानात जाजा."