खोडलेली सात नावं

ताइसियानं हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन परस्पर रद्द केलं आणि वर धाकट्या बहिणीला, रिम्माला, जेवायला बोलावलं. तीस वर्षं पीटर्सबर्गच्या रस्त्यांवर ट्रॉलीबस चालवलेली बाई, ती कुणाला विचारते! झडप हा उन्हाळा काढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"ऑपरेशन कशाला? हे बघ." तिनं इंजेक्शनांचा डबा सूपशेजारी आपटला. "पेप्टाइड म्हणतात, म्हातारपण थोपवणारं औषध. आठवड्याला एक, अशा वीस सुया. घेतलेले म्हातारे न घेतलेल्यांच्या निम्मेच मेले. छापून आलंय!"

डब्याशेजारी ठेवलेला तो लेख रिम्मानं लांबूनच ओळखला. तीस वर्षांपूर्वी ती औषध-संशोधन संस्थेत टायपिस्ट होती, तेव्हा त्याचे तक्ते तिनंच केले होते. शेवटच्या ओळीत तिचे आभारही होते.

"तुझं नाव दिसलं, मग कसली शंका?" ताइसिया कौतुकानं म्हणाली. "आमची रिम्मा बटाटेसुद्धा दोनदा मोजते!"

रिम्मानं चमचा खाली ठेवला.

"ताया, तो आकडा खोटा आहे."

"कुणी केला खोटा?"

"मी."

मग तिनं सगळं सांगितलं. वृद्धाश्रमातले ऐंशी जण. चाळिसांना हिवाळाभर इंजेक्शनं, चाळिसांना काहीच नाही. वीसही सुया पूर्ण झाल्या तरच नाव तक्त्यात घ्यायचं, हा संस्थेचा शिरस्ता. कुणी चौथ्या सुईनंतर दगावलं, कुणी अकराव्या. 'कोर्स अपुरा' म्हणून अशी सात नावं रिम्मानं पट्टी लावून नीटनेटकी खोडली. दुसऱ्या चाळिसांना कोर्सच नव्हता, त्यामुळे त्यांचं प्रत्येक मरण मोजलं गेलं. टाइप करताना हे तिच्या लक्षात आलं होतं. लेख लिहिणाऱ्या प्राध्यापकांना कळत असेलच, असं म्हणून तिनं मूग गिळले.

"मग पुढे कुणी तपासलं नाही?"

"पुढचे लेखही आमच्याच लोकांचे. त्याच तक्त्यावर."

"आणि तू तीस वर्षं गप्प?"

"आधी नोकरीची भीती वाटली, मग लाज. नंतर लाजेचीही सवय झाली गं."

ताइसियानं इंजेक्शनांचा डबा बंद करून बाजूला सारला. रिम्मा शिव्या खायला तयार होती.

"त्या सातांना बहिणी नव्हत्या का?" एवढंच विचारून ताइसियानं हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या मुलीचा आवाज रिम्मालाही ऐकू येत होता. तारीख परवाच दुसऱ्या पेशंटला दिली, आजी. आता सप्टेंबरअखेर, उन्हाळा सरल्यावर.

"सप्टेंबर," ताइसियानं फोन ठेवला. मग तिनं रिम्माच्या वाडग्यात आणखी सूप वाढलं, थोडं सांडलंही.

"तोवर गेले, तर मला मोजशील ना?"

रिम्मानं लेख पुढ्यात ओढला आणि तक्त्याखाली पेननं लिहिलं: 'आणखी सात मेले.'