पळती तबकडी

“जयवंते, आत ये गं! सनई हाय यात, सनई!”

हे घरातून ओरडले तेव्हा मी अंगणात वाल सोलत होते. हातातलं टाकून आत गेले.

हे कशेळ्याच्या एका बंगल्यात माळीकाम करत. मालकांनी बंगला विकताना एक जुना रेकॉर्ड प्लेअर आणि थोड्या तबकड्या ह्यांना देऊन टाकल्या. त्यातली एक फिरत होती. आधी गिटार किंचाळली, मग ढोल धडधडला, आणि त्या गोंधळातून खरंच सनईसारखं काहीतरी उड्या मारत वर आलं. कव्हरावर केस वाढवलेली चार गोरी पोरं होती. एकाच्या गळ्यात गिटार, दुसऱ्याच्या तोंडाला लाकडी पिपाणी, खाली काठीच्या मुठीसारखी वळलेली.

“बगितलंस? गिटारवाल्यानं पिपाणीवाल्याला हाकललं नाय!”

हा टोला प्रवीणला होता. प्रवीणची बेंजो पार्टी गावोगावच्या हळदी वाजवते. पूर्वी त्याच हळदींत हे सनई वाजवत. “पोपटकाका, आमच्यात सनई बसत नाय,” असं त्याने ह्यांना तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून सनई फडक्यात बांधलेली.

आता हे सकाळ-दुपार तबकडीतली तीच चाल सनईवर घोटू लागले. माझ्या भाकऱ्यासुद्धा त्याच ठेक्यावर थापल्या जाऊ लागल्या. मग एक दिवस हे प्रवीणच्या ओट्यावर बसले आणि ती चाल वाजवून दाखवली. पोरांनी लगेच कॅसिओ जोडला. “काका, आपल्या गावच्या हर्षलाच्या हळदीला वाजवायला या,” प्रवीण म्हणाला. हे घरी आले ते शीळ घालत.

हळदीच्या आदल्या दिवशी प्रवीण ती तबकडी ऐकायला आला. जरा वेळ ऐकून हसत सुटला.

“काका, वेगाचा खटका चुकलाय तुमचा. ही भरधाव पळतेय!”

त्याने खटका सरकवला. चाल एकदम खाली उतरली. घोगरी, संथ, घाट चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. सनई कुठे उरलीच नाही.

“म्हंजी ती सनई नवतीच?” ह्यांचा चेहरा पडला.

प्रवीणने मोबाइलमध्ये शोधलं. “विलायतेची रॉकवाली पोरं हायत काका. पन्नास वर्सांमागची. राजेरजवाड्यांच्या काळातल्या चाली आनि वाद्यं हुडकून गिटारीबरोबर वाजवायची. एकच तबकडी काढली. कोनी घेतली नाय.”

“कोनीच नाय? मग ती आपलीच मानसं,” मी म्हटलं.

प्रवीण हसला. हे हसले नाहीत. उद्याचं बोलावणं गेलं, असंच त्यांना वाटत होतं. तरी त्यांनी सनई उचलली आणि तबकडीच्या मागे-मागे ती संथ चाल धरली. प्रवीणचे पाय कधी स्वस्थ नसतात. पण आज तो उंबऱ्यावर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

“उद्या दोनी वाजवू काका,” उठताना तो म्हणाला. “आदी पळती, मग ही.”

हळदीत पळती चाल सुरू झाली आणि हर्षलाची आजी काठी टाकून नाचली. पोरं शिट्ट्या मारत होती. मग प्रवीणने हात वर केला. बेंजो थांबला, आणि ह्यांनी संथ चाल धरली. नाचणारे पिवळ्या हातांनी तिथेच उभे राहिले. काय करावं कोणाला कळेना. हर्षलाच्या आईने, माधवीने, पुढे होऊन लेकीचे हात धरले आणि दोघी हळूहळू डुलू लागल्या. मग सगळा मांडव डुलू लागला.

जेवणं सुरू झाली. पार्टीची पोरं एका सतरंजीवर बसली होती. सरकून त्यांनी ह्यांना मधे जागा केली. मी वाढायला गेले, तर हे माझ्याकडे न बघताच म्हणाले, “पार्टीला आदी वाढ गं. आमाला अजून वाजवायचं हाय.”