चीफसाहेब उभ्या चौकटीत

जहाजावर नंदू पेडणेकर म्हणजे चीफ इंजिनिअर. खाली इंजिनरूममध्ये त्याने नुसतं खाकरलं तरी चार माणसं हातातला चहा बाजूला ठेवतात. आणि घरी? परदेशातल्या बुकित बातोक नावाच्या वस्तीत, अकराव्या मजल्यावर त्याने खाकरलं, तर आतून सुमित्रा ओरडते, "अहो, कफ सिरप फ्रिजच्या वर आहे!"

सहा महिने दर्यावर, तीन महिने घरी, असं अठ्ठावीस वर्षं चाललेलं. सुट्टीचे पहिले आठ-दहा दिवस लाडाकोडात जायचे. मग नंदूच्या ध्यानात यायचं की हे घर आपल्यावाचून झकास चालतं. एअरकॉन दुरुस्त करणारा सुमित्राला नावाने ओळखायचा, लेक मैत्रेयी कॉलेजातून कधी येते ते शेजारच्या आंटीला पाठ होतं, आणि नंदूने मदत म्हणून मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले की दोन दिवस हळद सापडायची नाही. सुमित्रा बिचारी डबे परत जागेवर लावायची. नुसती हसायची. आणि तेच त्याला जास्त लागायचं.

ह्या खेपेला सोमवारी जहाजावर जायचं होतं, आणि त्याआधी एक तरी काम असं करून जायचं की सुमित्राला आपली खरोखर गरज लागली पाहिजे, असा त्याने मनाशी पण केला होता. कामही आयतंच चालून आलं.

सुमित्रा नऊवारी नेसवण्यात वाकबगार. गेली चार-पाच वर्षं शहरभर, सेरंगूनपासून बुकित तिमाहच्या कॉन्डोंपर्यंत, म्हणजे उंची सोसायट्यांपर्यंत, तिला बोलावणी असत. यंदा गणपतीच्या मिरवणुकीत साठ जणींनी लेझीम खेळायचं ठरवलं होतं. साठ जणींकडे साठ साड्या होत्या, पण नेसता येणाऱ्या जेमतेम सहा. एकटी सुमित्रा रविवारी सकाळी साठ घरं कशी फिरणार? म्हणून असं ठरलं की शनिवारी अकरा वाजता तिने लाइव्ह शिकवायचं. बायकांनी आपापला फोन कपाटाला टेकवून उभा ठेवायचा आणि तिच्याबरोबर पायरी-पायरीने नेसायचं. यात घोळ झाला असता, तर रविवारी भररस्त्यात पंधरा-वीस काष्टे सुटले असते आणि नाव सुमित्राचं गेलं असतं.

"फोनवरूनच करायचं की सरळ," मैत्रेयी म्हणाली.

"फोन?" नंदूने कपाळाला आठ्या घातल्या. "फोन तापतो. मधेच कुणाचा तरी कॉल येतो. अगं, दोन कॅमेरे जोडता येतात, माइक लावता येतो, पडद्यावर पायरीचं नाव दाखवता येतं. नीट सिस्टिम पाहिजे. माझ्यावर सोड."

झालं! त्या दिवसापासून हॉलची इंजिनरूम झाली. लॅपटॉप, कॅमेरा, दोन दिवे, माइक आणि लाइव्ह प्रक्षेपणाचं एक फुकटात मिळणारं सॉफ्टवेअर. सोफा बेडरूममध्ये गेला आणि टीव्हीची रवानगी भिंतीकडे तोंड करून झाली.

पहिली अडचण आली ती उभ्या चित्राची. फोनवर बघायचं तर चित्र उभं हवं, आणि सॉफ्टवेअर तर आडवंच दाखवत होतं. आता सेटिंगमध्ये लांबी-रुंदीचे आकडे उलटे केले की भागतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण नंदूचं अख्खं आयुष्य पान्याबरोबर गेलेलं. यंत्र ऐकत नसेल तर यंत्राला वळवायचं! त्याने लोखंडी पट्टी आणली, कापली, भोकं पाडली आणि कॅमेरा स्टँडवर आडवा पाडून पक्का आवळला. मग सुमित्राला समोर उभं केलं.

पडद्यावर सुमित्रा आडवी झाली. हाताची घडी घालून, गंभीर चेहऱ्याने, शेषशायी भगवंतासारखी निवांत पहुडलेली.

"अहो, हे काय! मी आजारी दिसतेय," सुमित्रा म्हणाली.

मग नंदूने सॉफ्टवेअरमध्ये चित्र फिरवलं. आता ती डोक्यावर उभी राहिली. पुन्हा फिरवलं, तेव्हा बाई पायांवर उभी राहिली खरी, पण दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि ती मधे काडेपेटीएवढी उरली. दोन दिवस हा गोंधळ चालला होता. तिसऱ्या दिवशी त्याला ते लांबी-रुंदीचे आकडे सापडले, आणि त्याने जी आरोळी ठोकली ती ऐकून खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याने भुंकायला सुरुवात केली.

पुढे लेबलं. जहाजावर प्रत्येक व्हॉल्व्हला पाटी असते, मग घरातल्या सिस्टिमला नको? 'दिवा क्रमांक एक', 'दिवा क्रमांक दोन', 'माइक: आधी चालू करणे', 'हात लावू नये'. पांढऱ्या पट्टीवर काळी ठसठशीत अक्षरं. प्रक्षेपणासाठी जो लांबलचक गुप्त कोड मिळतो, तोही त्याने सुवाच्य अक्षरांत लिहून मागच्या भिंतीवर डकवला, बरोबर कॅमेऱ्याच्या समोर.

"अलामाक! बाबा, दॅट इज द पासवर्ड लाह!" मैत्रेयी इथल्या पोरांच्या बोलीत किंचाळली आणि तिने धावत जाऊन तो फाडला. "सगळे बघतील आणि आईच्या नावाने काहीही दाखवतील!"

नंदू ओशाळला. "हो, ते काढायचंच होतं," असं पुटपुटून तो वाळत घातलेल्या कपड्यांकडे निघून गेला. तिथे दांडीवरचे टॉवेल उगाच सारखे करत असताना स्वयंपाकघरातलं बोलणं त्याच्या कानावर आलं.

"आई, मी पाच मिनिटांत सगळं करून देते. कॅन? चालेल ना?"

"नको गं," सुमित्रा हळूच म्हणाली. "करू दे त्यांना. सोमवारी जाणार आहेत."

ते ऐकून नंदूच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. म्हणजे हे सगळं आपल्याला रमवायला चाललंय तर! पोळ्या लाटताना पोर मधे मधे करायला लागलं की त्याच्या हातात कणकेचा गोळा देतात, तसा आपल्याला हा लॅपटॉप दिला. अठ्ठावीस वर्षं तीस-तीस हजार टनांची जहाजं चालवली, आणि स्वतःच्या घरात आपली किंमत कणकेच्या गोळ्याएवढी. त्याला फार वाईट वाटलं. शुक्रवारी त्याने मैत्रेयीला समोर उभं करून डोक्यापासून पायापर्यंत मापं घेतली, कॅमेरा बरोबर तिच्या उंचीला आणला आणि स्टँडचा प्रत्येक बोल्ट असा आवळला की बिल्डिंग कलली तरी चित्र हललं नसतं. निदान आपलं काम चोख झालं पाहिजे, एवढंच आता त्याच्या हातात होतं. सगळी चाचणी यशस्वी झाल्यावर त्याने अभिमानाने लिंक जहाजावरच्या ग्रुपलाही पाठवून दिली.

मापं मैत्रेयीची, कारण साडी तिलाच नेसवायची होती. स्वतः नेसून दाखवताना मागचा काष्टा दाखवता येत नाही, आणि नऊवारीत सगळी मेख तिथेच असते.

आणि शनिवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मैत्रेयी खाली गजरा आणायला गेली, ती शेवटच्या पायरीवरून घसरली. शेजारच्या आंटीने हाताला धरून वर आणलं, तेव्हा घोटा लिंबाएवढा सुजला होता. पाय टेकवेना.

"आय कॅन स्टँड, आई," ती रडवेली होऊन म्हणाली आणि उभी राहताच किंचाळून खाली बसली.

आता? ज्या ओळखीच्या होत्या त्या सगळ्या आपापल्या घरी साडी हातात घेऊन फोनसमोर थांबलेल्या. शेजारच्या आंटीला गुडघ्यामुळे दहा मिनिटं उभं राहवत नव्हतं. पडद्यावर 'थोड्याच वेळात' अशी पाटी होती आणि लिंक हातोहात फिरल्यामुळे खाली दीडशे जणी जमल्याचा आकडा दिसत होता.

सुमित्राने नवऱ्याकडे पाहिलं.

"शक्य नाही," नंदू म्हणाला. "सुमित्रा, अगं, माझी सगळी क्रू बघणार आहे. परवा मला त्यांना हुकूम सोडायचेत."

"बरं," ती म्हणाली. वाद नाही, रुसवा नाही. तिने साडी उचलली आणि स्वतःच्याच कमरेभोवती घ्यायला लागली. पहिली गाठ सुटली. दुसरीही सुटली. ही बाई, जी डोळे मिटून काष्टा घालते!

नंदूने तीन मिनिटं ते पाहिलं. मग चष्मा काढून लॅपटॉपशेजारी ठेवला, पँट बदलून गुडघ्यापर्यंतची विजार चढवली आणि दिव्यांच्या मधे येऊन उभा राहिला. "आलिया भोगासी," तो म्हणाला. "कुठून सुरुवात?"

मैत्रेयी बर्फाची पिशवी पायावर ठेवून लॅपटॉपपाशी बसली. तिने लेबलं वाचत वाचत एकेक गोष्ट चालू केली आणि गंमत म्हणजे सगळं पहिल्या फटक्यात सुरू झालं. फक्त एक झालं. चौकट पाच फूट दोन इंचांची, आणि नंदू चांगला सहा फूट. पडद्यावर पायांपासून गळ्यापर्यंतचा एक भरदार देह होता. डोकं नव्हतं.

नंदूचा जीव भांड्यात पडला. "उत्तम!" तो कुजबुजला. "असंच राहू दे."

सुमित्राला बोलायला सूर सापडला तशी ती खुलली. "नमस्कार मैत्रिणींनो! साडी मागून पुढे घ्या. पदराची बाजू डावीकडे मोजून ठेवा. आता ही गाठ, बेंबीच्या वर, घट्ट. लाजू नका, श्वास रोखून बांधा. अहो, पोट आत!"

पोट आत गेलं, पण फार नाही. निऱ्या नेहमीच्या निम्म्याच आल्या. "घरातलं माणूस खात्यापित्या अंगाचं असेल, तर निऱ्या रुंद घ्यायच्या," सुमित्राने तेवढ्यात तेही शिकवून घेतलं. खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडत होता. मैत्रेयी वाचून दाखवत होती. सेरंगूनची अदिती विचारत होती, 'काकू, ह्या डोकं नसलेल्या बाई कोण?' बुकित तिमाहहून अनघा लिहीत होती, 'निऱ्या जमल्या!' आणि मग मैत्रेयी खुदकन हसली. "बाबा, कुणीतरी सुबोध. थर्ड इंजिनिअर. तो लिहितोय, 'चीफसाहेब कुठे दिसत नाहीत, पण मागची लेबलं ओळखीची वाटतात.'"

नंदूच्या कानशिलांवर घाम आला. "तू काही उत्तर देऊ नकोस," तो म्हणाला. "संपव लवकर, सुमित्रा."

सुमित्राने निऱ्यांचा मधला काठ पायांतून मागे घेतला, चापून चोपून काष्टा खोचला. आणि पदर उचलायच्या आधी तिने सहज लॅपटॉपकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तो सुरेख नेसवलेला, गळ्यापाशी संपलेला माणूस.

"मैत्रेयी," ती म्हणाली, "डोकं आण ह्यांचं."

"कॅमेरा वर घ्यावा लागेल, आई. मागे पण. बाबांनी सगळं टाइट केलंय, माझ्याने नाही होणार."

"अगं, कशाला?" नंदू दबक्या आवाजात म्हणाला. "छान चाललंय की. लोकांना साडी बघायचीय, माझं थोबाड कशाला?"

"मला दाखवायचंय," सुमित्रा म्हणाली. माइक चालू होता, पण तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. "अठ्ठावीस वर्षं बारशाला, लग्नाला, हळदीकुंकवाला, जिथे जावं तिथे बायका विचारतात, मिस्टर कुठे असतात? मी सांगते, जहाजावर. एकदा तर एकीने मागून विचारलं, खरंच आहेत ना गं? आज आहेत. माझ्या शेजारी उभे आहेत. आणि तुम्ही मला गळ्यापर्यंतच देताय!"

आता कुठे नंदूला उमगलं. ह्या बाईला सिस्टिम नको होती, दिवे नको होते, आणि लेबलं तर नकोच नको होती. तिला तो हवा होता. आणि हा गाढव तीन महिने पाना घेऊन घरभर फिरत होता.

त्याने पदर हातावर गोळा केला आणि पाना आणायला कोठीच्या खोलीकडे निघाला. लांब टांगा टाकत, कारण काष्ट्यात टांगा टाकता येतात. तो पाठमोरा होताच सुमित्रातली मास्तरीण जागी झाली. "थांबा! अहो, तिथेच थांबा, हलू नका! बघा गं, काष्टा असा बसला पाहिजे. मधोमध, सरळ, आणि चालताना तसूभरही सरकला नाही. दिसला ना सगळ्यांना?"

'दिसला!' 'दिसला काकू!' खाली अक्षरांची झुंबड उडाली.

नंदू पाना घेऊन आला. त्याने स्वतःच्या हाताने आवळलेले चारही बोल्ट सैल केले. आधी पडद्यावर त्याची हनुवटी आली, मग भलंमोठं नाक, मग चष्म्याविना बारीक झालेले डोळे. त्याने कॅमेरा वर केला, मागे सारला आणि उलट्या पावलांनी जाऊन आपल्या जागेवर उभा राहिला. आता चौकटीत तो पावलांपासून केसांपर्यंत मावला होता, आणि बाजूला सुमित्राही. जहाजावरचे वीस लोक बघत होते, हे त्याला आठवलं. त्याने मान खाली घातली नाही.

"हे माझे मिस्टर," सुमित्रा फोनसमोरच्या बायकांना म्हणाली. तिचे हात आता नेहमीच्या सफाईने चालत होते. "परवा जातील. आज घरी आहेत. चला, आता पदर घ्या."

आणि तिने टाचा उंचावून पदर त्याच्या डाव्या खांद्यावर टाकला.