काचेच्या कपाटातले श्यामराव

मी जुना आहे, मित्रांनो, पण वापरलेला नाही. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा झिजल्याचे सांगतात, तुटल्याचे सांगतात. माझ्याजवळ सांगण्यासारखी एकही जखम नाही, आणि तेच माझे दुःख आहे.

भिलाईच्या नेहरू नगरातील एका खाजगी नर्सिंग महाविद्यालयात मी सरावाचा पुतळा आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. डोके, मान आणि छाती एवढाच मी. एखाद्याचे हृदय एकाएकी थांबले तर त्याची छाती दाबून त्याला परत कसे आणावे, हे मुलींनी माझ्यावर शिकावे म्हणून मला घडवले. सगळे मला डमी म्हणतात. नाव मला पुढे मिळाले.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. रबराची कातडी, आत जाड स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या तळाशी पोलादाची लहानशी पट्टी. छाती दोन इंच खोल गेली की ती पट्टी वाजते, टक्! हा माझा आवाज. तो आला म्हणजे दाब पुरेसा आहे. तो आला नाही म्हणजे समोरचा माणूस गेला. निरोप देण्याआधी एका कामगाराने मला तीस वेळा दाबले आणि मी तीस वेळा बोललो. मग माझी इंग्रजी पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून त्याने माझ्याशेजारी ठेवली. मला वाटले, आता आयुष्यभर असेच बोलायचे आहे.

भिलाईच्या पावर हाउस भागातल्या बाजारात मला ट्रकमधून उतरवले आणि ऑटोत आडवे घातले. रस्त्यावरची माणसे थांबून पाहू लागली, तेव्हा ऑटोवाल्याने माझ्या तोंडावर आपला गमछा टाकला. महाविद्यालयात नारळ फुटला, टाळ्या वाजल्या आणि मला काचेच्या कपाटात ठेवण्यात आले. कपाटाची किल्ली लॅब सांभाळणाऱ्या वसुंधरा मॅडमकडे गेली.

दर शनिवारी शकुबाई मला पुसत. त्या तिथल्या आया होत्या. पहिल्याच शनिवारी त्या माझ्याकडे पाहून हसल्या. "हे तं आमचे भासरे श्यामराव दिसतात वं! तेबी असेच तोंड उघडं टाकून झोपत." थोरल्या दिरांचे नाव मला चिकटले ते कायमचे. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी या गावात प्रत्येक यंत्राला कुंकू लागते. माझ्याही कपाळाला लागे. शकुबाई हात जोडत आणि म्हणत, "श्यामराव, पोरीईले पास करा."

वर्षातून एकदा तपासणीचे साहेब येत. त्या दिवशी पडदे धुतलेले असत, आणि लॅबमधल्या निम्म्या वस्तू दुसऱ्या महाविद्यालयातून एका दिवसासाठी पाहुण्या आलेल्या असत. मी मात्र घरचा होतो. साहेब विचारत, "डमी चालू स्थितीत आहे ना?" मॅडम अभिमानाने सांगत, "अगदी नवा आहे, सर. ओरखडासुद्धा नाही." साहेब कागदावर खूण करून पुढे जात. माझे अर्धे आयुष्य त्या खुणेसाठी गेले.

आता मी ती चूक सांगतो, जिच्यामुळे हे सारे घडले.

मी आल्यानंतरच्या चौथ्या वर्षी मोना नावाची एक दणकट मुलगी लॅबमध्ये आली. तोवर मुली देवाच्या पायांना शिवावे तशा मला शिवत. मोनाने बाह्या सारल्या, दोन्ही तळवे माझ्या छातीवर ठेवले आणि अंगाचा भार टाकला. टक्! कारखान्यातून निघाल्यानंतर मी प्रथमच बोललो होतो. मला आनंद झाला.

वसुंधरा मॅडम किंचाळल्या. "तोडलास ना! आतलं काहीतरी तुटलं!"

"मॅडम, पुस्तकात दोन इंच लिवलं आहे," मोना म्हणाली.

"पुस्तकातला माणूस पुस्तकात. हा तपासणीला लागतो. उद्या साहेबांना काय तुझं तोंड दाखवू?"

मॅडम दुष्ट नव्हत्या, मित्रांनो. त्या स्वतः फळ्यावरच्या चित्रावरून शिकल्या होत्या. माझ्यासारखा पुतळा त्यांनी आधी कधी पाहिला नव्हता. माझ्या पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर त्या आवाजाचा अर्थ छापलेला होता. पण पिशवी फोडली तर पुस्तिका जुनी दिसेल, म्हणून ती कोणीच फोडली नाही. मोनाला माफीपत्र लिहावे लागले. त्या दिवसापासून मुलींच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत एक ओळ आली: "पुतळ्याच्या छातीतून आवाज येऊ देऊ नये."

मोठ्या मुली ती ओळ धाकट्यांना शिकवू लागल्या. आवाजाच्या केसभर अलीकडे हात थांबवायचा. हळूहळू ते कौशल्य झाले, आणि कौशल्य म्हटले की स्पर्धा आली, कौतुक आले. मी आतून ओरडत असे की आणखी थोडे, फक्त थोडे आणखी. पण माझे तोंड उघडे असले तरी ते बोलण्यासाठी केलेले नाही.

मग नीतू आली.

ती नंदिनी नगरहून बसने येई. तिचे वडील रामाजी चुनखडीच्या खाणीत दगड फोडणाऱ्या क्रशरवर कामाला होते. मूळचे ते भंडाऱ्याकडचे शेतकरी. नीतू बारीक आवाजाची आणि नेमक्या हाताची मुलगी होती. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या कपाटाजवळ बसून वाचत असे, कारण त्या खोलीतला तेवढा एकच पंखा धड होता. वाचलेले ती काचेतून मलाच सांगे. "श्यामराव, ऐका. मिनिटाले शंभर ते एकशेवीस. तीस दाब, दोन श्वास. बरोबर?" मला मान हलवता येत नव्हती.

"बाई, डब्बा उघड पहिले," शकुबाई म्हणत. "श्यामराव काई पेपर तपासून नाई राहिले."

"पाठ करून राहिली मी. घरी उशीवर करते, तं आई म्हणते, उशीतला कापूस मेला आता, सोड त्याले!" दोघी हसत. तिची आई मथुरा मी कधी पाहिली नाही, पण त्या उशीचा मला हेवा वाटे.

तिसऱ्या वर्षाची शेवटची परीक्षा जवळ आली. ती उत्तीर्ण झाल्याखेरीज राज्याच्या नर्सिंग कौन्सिलात नाव चढत नाही, आणि नाव चढल्याखेरीज कोणी नर्स होत नाही. नीतूसाठी तर त्याहून अधिक काही पणाला लागले होते. रायपूरच्या एका रुग्णालयाने तिची निवड केली होती. अट एकच, जुलैच्या पंधरा तारखेच्या आत नोंदणी क्रमांक दाखवायचा. जूनअखेर रामाजी निवृत्त होणार होते आणि खाणीचे क्वार्टर सुटणार होते. नीतूला ती नोकरी मिळाली तर सगळे घर रायपूरला जाणार होते. नाही मिळाली तर गावी, रामाजींच्या भावांच्या घरातल्या एका खोलीत.

परीक्षेच्या आठवड्यात मुलींनी सराव मागितला. वसुंधरा मॅडमनी कपाट उघडले आणि प्रत्येकीला पाच दाब दिले. मोजून पाच. नीतूचे हात माझ्यावर आले तेव्हा ते अगदी आवाजाच्या उंबरठ्यावर येऊन परतले. पाचही वेळा. "बघा," मॅडम म्हणाल्या, "याला म्हणतात हात. नीतू, परीक्षेत पहिली तू जायचं. बाहेरच्या परीक्षक मॅडमवर छाप पडली पाहिजे." मुलींनी टाळ्या वाजवल्या. नीतू लाजली. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुंदर आणि सर्वांत वाईट दुपार होती.

परीक्षेच्या सकाळी रामाजी ड्यूटी बदलून मुलीसोबत आले. लॅबच्या दाराबाहेर बाकावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. दार अर्धे उघडे होते.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पन्नाशीच्या होत्या. आजवरचे परीक्षक हातांची जागा पाहून गुण देत, माझ्या आवाजाची चौकशी कोणी केली नव्हती. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवले. "मरीज़ गिरा पड़ा है। शुरू कीजिए।"

नीतूने माझे खांदे थोपटले. "श्यामराव! श्यामराव!"

"ये श्यामराव कौन हैं?" परीक्षक बाई हसल्या. दाराबाहेर रांगेत उभ्या मुली हसल्या. नीतूही हसली आणि तिची भीती थोडी गेली. मदतीला हाक मारणे, श्वास पाहणे, तळव्याची जागा, कोपरे ताठ, सारे काही बिनचूक झाले. मग तिने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. खोलीत फक्त तिचे आकडे ऐकू येत होते.

"क्लिक नहीं आ रहा," परीक्षक बाई म्हणाल्या. "और दबाइए।"

नीतूने मान वर केली. भिंतीजवळ वसुंधरा मॅडम उभ्या होत्या. मी आडवा होतो, मला दोघीही दिसत होत्या. मॅडमनी ओठ घट्ट मिटले आणि मान नकारार्थी हलवली, अगदी थोडी. तीन वर्षांच्या सवयीला तेवढे पुरे होते. नीतू पुन्हा उंबरठ्यापर्यंत आली आणि परतली. तीसपर्यंत. माझ्या आतली पट्टी दर वेळी थरथरली, मित्रांनो, पण वाजली नाही. तिला वाचवणारा एकच शब्द माझ्याजवळ होता, आणि तो मला उच्चारता आला नाही.

परीक्षक बाईंनी काहीतरी लिहिले. मग त्या स्वतः उठल्या, माझ्यावर वाकल्या आणि दाबू लागल्या. टक्, टक्, टक्!

"मॅडम, टूट जाएगा!" वसुंधरा मॅडम पुढे धावल्या.

"टूटेगा क्यों? इसी आवाज़ के लिए तो बना है।" त्यांनी नीतूकडे पाहिले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. "बेटा, आपका मरीज़ नहीं बचा।"

"एक बार और, मॅडम? प्लीज़. मुझे आता है."

"नंबर चढ़ गया। नेक्स्ट।" परीक्षक बाईंनी गुणांच्या कागदावर बोट ठेवले.

या एका कामात नापास म्हणजे सबंध प्रात्यक्षिकात नापास, असा नियम होता. बाहेर रांगेत उभ्या मुलींनी माझा आवाज ऐकला होता. पुढची प्रत्येक मुलगी आत आली ती दात आवळूनच. दिवसभर मी बोलत राहिलो. उरलेल्या एकोणचाळीस मुली उत्तीर्ण झाल्या. जिचा हात सर्वांत चांगला होता, ती पहिली गेली आणि एकटी मागे राहिली.

नीतू बाहेर गेली तेव्हाच दाराशी रामाजींनी तिला विचारले होते, "आवाज कावून नाई आला वं?"

"येऊ द्याचा नवता, बाबा. मॅडमनं सांगतलं होतं."

रामाजींनी अर्ध्या उघड्या दारातून माझ्याकडे पाहिले. "आमच्या क्रशरवर आवाज नाई आला तं आमी भेतो," ते म्हणाले. "तुमच्या इथं आवाज आला तं भेता?"

 नीतूने ओढणीने डोळे पुसले, आणि ते दोघे बसच्या दिशेने निघाले.

जुलैची पंधरा तारीख गेली. क्वार्टर सुटले. पुरवणी परीक्षा जानेवारीत होती. डिसेंबरच्या एका दुपारी नीतू गावाहून रेल्वेने आली. वाळली होती. तिने मॅडमना विचारले, "दोन दिवस सराव देता का? आता आवाजापर्यंत दाबून पाह्यचं आहे."

वसुंधरा मॅडमनी नजर चुकवली. त्या दिवसाचे ओझे त्यांच्यावरही होते. पण ओझ्याखाली माणूस शहाणा होतोच असे नाही. "नीतू, तुझ्यासाठी वाईट वाटतं गं मला. पण त्या दिवशी एवढ्या जणींनी दाबलं त्याला. आता जो आवाज शिल्लक आहे तो परीक्षेसाठीच ठेवायला सांगितलाय वरून. तू उशीवर कर ना."

त्या गेल्यावर शकुबाई कुजबुजल्या, "चाबीची जागा मले ठाऊक आहे. खोलू का?"

"नको, शकुबाई. तुमची नोकरी जाईन." नीतू काचेपाशी थोडी थांबली. तिने आपले दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले, एखाद्या परक्या माणसाचे असावेत तसे. "मले आता दाबतानी हातच भेतात," ती म्हणाली. मग ती गेली.

जानेवारीत माझे कपाट पुन्हा उघडले. यादीत एकच नाव होते. परीक्षकांनी ते तीनदा पुकारले: "नीतू रामाजी भोयर." तिसऱ्यांदा पुकारून त्यांनी थोडी वाट पाहिली आणि गैरहजर लिहिले. दुपारभर मी टेबलावर पडून होतो. शकुबाई फडके घेऊन आल्या, पण माझ्यावर कोणाच्या हाताचा डागच नव्हता. त्या फडके तसेच धरून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू निरोप घेताना म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला फार जपले. इतके जपले की माझ्यावर कोणी काही शिकले नाही. उद्या तुमच्या शाळेत काचेच्या कपाटात एखादी वस्तू दिसली, तर तिची किल्ली मागा. तिची पुस्तिका पिशवी फाडून वाचा. ती झिजू द्या, ओरडू द्या, तुटली तर तुटू द्या. माझी छाती तुटली तर कारखान्यात दुसरी मिळते. ज्या माणसासाठी तुम्ही हे शिकता, त्याच्याजवळ एकच असते.