बांबूच्या घराचा जबाब

मांडवात वीस खुर्च्या मोकळ्या आणि डेकोरेशनवाल्याने त्यांच्यापुढे थर्मोकोलची पाटी ठोकलेली, 'वधूपक्ष'. ती पाटी बघून राहीबाई सकाळपासून धुमसत होती. माणूस एक नाही आणि पाटीला चमकी लावलीय.

राहीबाई खाडीकाठच्या पूर्णा गावची धवलारीण, लग्नातली गाणी म्हणजे धवले गाणारी. भटजी हल्ली आले. त्याआधी लग्न लागायचं ते धवलारणीच्या गळ्यातून. मग जमिनींवर गोडाऊन उभी राहिली, गोडाऊनमागून डीजे आला आणि चार वर्षं तिला कुणी बोलावलं नाही. या लग्नाला नवऱ्याची आई कमळ हट्टाला पेटली म्हणून बोलावणं आलं, तेही अर्धं. धवले गायचे ते नवऱ्याकडून. नवरीकडचं कोण आहे ऐकायला?

नवरी मारिसेल, फिलिपिन्सची. गावाला गोडाऊनांचा वेढा पडलेला असताना कमळचा प्रितम दुबईच्या गोडाऊनमध्ये कामाला गेला आणि तिथल्या पॅकिंगवरची ही पोरगी पसंत करून आला. तिचा बाप अंथरुणाला खिळलेला, आईला व्हिसा नाही. ती एकटी आली.

आता हळदीचा रिवाज असा, की नवऱ्याच्या बाया नवरीच्या माहेराला गाण्यातून टोचतात आणि माहेरच्या बायांनी तिथल्या तिथे जबाब द्यायचा. जबाब आला नाही तर माहेर मुकं. लातूरकडून एक सून आणली होती, तिची माणसं गप्प बसली. वीस वर्षं झाली, तिच्या पोरांनाही गाव 'मुकीची' म्हणतं. भांड्याला भांडं लागलं की तेच तोंडावर. मारिसेलच्या कपाळी हेच लिहिलं जाणार, हे राहीबाईला दिसत होतं, आणि त्याला चार तास उरले होते.

ती उठली आणि थेट नवरीच्या खोलीत गेली. प्रितमची बहीण मृणाली तिथे मेंदी सुकवत बसली होती. तिला म्हणाली, विचार हिला, हिची आय घरात काय बोलते. माहेरचं बोलणं असल्याशिवाय धवला उभा राहत नाही, मी काय मनाचं गाऊ?

मारिसेलने आईला व्हिडिओ कॉल लावला. आई इंग्रजी-मिंग्रजी काही नाही, आपल्याच भाषेत. मारिसेल तिचं इंग्रजी करी, मृणाली त्याचं मराठी. पांघरूण तोकडं असेल तर अंग मुडपून निजायला शिक, असं आई पहिलं बोलली.

राहीबाई ताडकन उठली. "ही तं आपली म्हन हाय. अंथरून बघून पाय पसरावं. कोनी नेली तिकडं?"

कोणी नेली नाही, आजी, मृणाली हसत म्हणाली, त्यांच्याकडे पण पांघरुणं तोकडीच असतील.

राहीबाई खाली बसली. समुद्रापल्याडची कुठली बाई, आणि तिची थंडी आपल्यासारखीच. मग तिने सोडलंच नाही. अजून सांग, अजून. आई म्हणाली, आलेल्या वाटेकडे जो वळून बघत नाही, तो जायच्या गावाला पोचत नाही. घोडा मेल्यावर गवत काय कामाचं. मारिसेल सांगत होती की अशा म्हणीला त्यांच्याकडे सालाविकाइन म्हणतात. बापाने तिला जन्मात चापट मारली नाही. चूक झाली की एक सालाविकाइन बोलायचा आणि कामाला निघून जायचा. दिवसभर ते डोक्यात ठणकायचं.

"म्हंजे हात न उचलता मारायचं," राहीबाई म्हणाली. "आमचा धंदा त्योच."

मग आईने फोन फिरवून घर दाखवलं. बांबूच्या खांबांवर उभं, वर पानांचं छप्पर. आणि त्या घराकडे बोट करून ती एक लांबलचक बोलली. मृणाली मराठी करता करता अडखळली. दाराकडे बघून हळूच म्हणाली, "आजी, हे तू गाऊ नको. काका मांडव डोक्यावर घेईल."

राहीबाईने ते तीनदा म्हणून घेतलं.

चारला हळद लागली. नवऱ्याचा काका केसरीनाथ पुढच्या सोफ्यावर. तीन मजली बंगला, दाराला ग्रॅनाइट, आणि त्यात नवराबायको दोनच. सख्ख्या भावाची बायको कमळ, तिला त्या घरात चहा मिळायचा तो मागच्या ओट्यावर. बायांनी नवरीच्या घराचा फोटो मोबाईलवर बघितलाच होता. त्यांनी सूर लावला:

*नवरीच्या बापाचं घर कसलं गो,*
*बांबूला बांबू टेकून बसलं गो,*
*वारा सुटला नि समिंदरात घुसलं गो.*

मांडव खदखदला. मारिसेलला शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. हसणं कुठल्याही देशात कळतं. केसरीनाथाने रिकाम्या खुर्च्यांकडे बघून डीजेवाल्याला हात केला, की चल, जबाब काय येत नाही.

तेवढ्यात राहीबाई नवऱ्याकडच्या बायांतून उठली. मांडवाच्या मधून चालत गेली आणि 'वधूपक्ष' पाटीमागच्या पहिल्या खुर्चीत बसली. शेजारच्या खुर्चीत मृणालीने फोन उभा केला. फोनमध्ये मारिसेलची आई, केस विंचरून.

"काकी, तू आपल्याकडची हायस," केसरीनाथ म्हणाला.

"आज न्हाय," ती म्हणाली, आणि चार वर्षं गंजलेला गळा तिने उघडला.

*बंगला बांधला फत्तराचा गो,*
*आत घुबड नांदला, काय कामाचा गो.*
*खोपी बांधली बांबूची गो,*
*आत मानूस नांदला, तीच दैवाची गो.*

डीजेवाल्याचा हात बटणावर तसाच राहिला. कुणी केसरीनाथाकडे बघेना आणि सगळे त्याच्याचकडे बघत होते. तो उभा राहिला. कोणाला बोललीस, असं त्याने विचारलं.

"नवरीची आय बोलली," राहीबाई म्हणाली. "तिकडची म्हन हाय, जुनी. तिनं तुझा बंगला कुठं बघितलाय?"

घुबड मीच, असं भर मांडवात कोण कबूल करतो? तो बसला.

पहिली हसली ती कमळ. चोरून नाही, पोट धरून. ती कुडाच्या खोपीत नांदायला आली होती, प्रितम तिथेच जन्मला, आणि त्या जागेवर आता गोडाऊनचं शटर आहे. मग बाकीच्या बाया हसल्या आणि हसता हसता तीच ओळ स्वतः म्हणायला लागल्या. नवऱ्याची बाजू नवरीचा जबाब गात होती. राहीबाईच्या उभ्या आयुष्यात असं घडलं नव्हतं.

जबाब भारी पडला की नवऱ्याच्या आईने विहिणीला हळद लावून मान द्यायचा असतो. कमळ वाटी घेऊन आली. फोनपुढे वाकली. मग स्क्रीनवर दोन्ही गालांना हळद लावली, बोट नेमकं लाल बटणावर पडलं आणि विहीण गायब झाली.

मारिसेल पहिल्यांदा मोठ्याने हसली.

"परत लाव गो फोन," राहीबाई पदराने स्क्रीन पुसत म्हणाली. "आणि तिला इचार, अजून एक म्हन हाय का. आता त्या बाया सोडनार न्हाईत."